उंदीर हंडा उचलत नाही

आमच्या मंचरच्या दुकानात कुणी शिंकलं की बाकीचे लोक तोंड फिरवतात. सोपानडॉक्टर मात्र चष्मा वर करून शिंकणाऱ्याकडे बघतात आणि निकाल देतात. "घशातली." किंवा "छातीपर्यंत उतरली होती, पण पुढं नाही गेली." एकदा कांद्याच्या आडतीवरचा एक दांडगा हमाल असा काही शिंकला की काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी हलली. डॉक्टर उठून उभेच राहिले. "वा! ही पोटातून आली!" तो बिचारा औषध न घेताच निघून गेला.

माझं मेडिकलचं दुकान आहे. आमचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. आता माझी मुलं 'लई' म्हणतात आणि मारवाडी ऐकून हसतात. डॉक्टर रोज सकाळी पेपर वाचायला येतात, म्हणजे माझा पेपर. 'डॉक्टर' ही हाक ऐकून एखादं नवं गिऱ्हाईक त्यांच्यापुढं जीभ काढून उभं राहतं. डॉक्टर शांतपणे सांगतात, "मी उंदरांचा डॉक्टर आहे. जीभ आत घ्या."

हे खरंच आहे. पुष्कळ बायकांना बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना, हसताना, ओझं उचलताना लघवी निसटते. त्यावर औषध शोधायचं तर आधी तोच आजार प्राण्यात उभा करावा लागतो, म्हणजे औषध त्याच्यावर करून बघता येतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर वर्षानुवर्षं हेच करत होते. व्यालेल्या उंदरिणीच्या नाकात केस घालायचा, तिला शिंकायला लावायचं आणि किती दाबाला गळतं ते मोजायचं. "निम्मी नोकरी उंदरांच्या नाकात केस घालण्यात गेली," ते म्हणतात, "आणि निम्मी साहेबांच्या नाकदुऱ्या काढण्यात."

पण उंदरात उभा केलेला हा आजार, त्यांच्या भाषेत 'मॉडेल', काही त्यांच्या मनासारखा झाला नाही. ही सल घेऊनच ते निवृत्त झाले आणि ती रोज सकाळी माझ्या काउंटरवर आणून ठेवू लागले. बोलणं द्राक्षांच्या भावावरून सुरू होवो की बायपासवरून, शेवटी गाडी तिथंच यायची. "सगळं जमलं हो शेठ. पण उंदीर चार पायांवर चालतो. पोटाचा भार बाईसारखा खाली येत नाही. आणि उंदीर हंडा उचलत नाही!" शिवाय उंदरीण पंधरवड्यात आपोआप बरी होते, याचा त्यांना फार राग. एखाद्या कामचुकार कारकुनाबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलत.

कधीकधी आवाज खाली आणून आणखी एक तक्रार सांगायचे. "उंदरिणीला लाज नसते. गळणं मॉडेलात आलं. लाज कशी आणणार?"

त्यांच्या स्वतःच्या जिभेला लाज ठाऊक नव्हती. बायकांची पॅडची पाकिटं आम्ही कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. सगळेच देतात. डॉक्टर पेपराआडून ओरडायचे, "अहो, गुंडाळता काय? गावठी कट्टा विकताय का?" मग समोरच्या बाईला भर दुकानात धडा. "लघवी अडवताना आवळता ना, तो स्नायू! आवळा, धरा, सोडा! रोज करा!" एक शिक्षिकाबाई तर सुटे पैसे तिथंच टाकून पळाल्या. आमच्या सौभाग्यवतींनी एके दिवशी मला बजावलं, "तुमच्या डॉक्टरांना आवरा. मंचरच्या बायका आता पाकिटं घ्यायला नारायणगावला जातात." मी डॉक्टरांना आवरणार म्हणजे काय करणार? पेपर बंद केला असता, तर ते शेजारच्या दुकानात बसून ओरडले असते.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेला दिवस गेले. सगळ्या घरात आनंद, आणि डॉक्टर मात्र आठवडाभर एकाही शिंकेला दाद देईनात. मग एका दुपारी दुकानात कुणी नसताना आले आणि त्यांनी मोठ्या माणसांच्या पॅडचं पाकीट मागितलं. "आणि शेठ, जरा कागदात गुंडाळा. दोन कागद लावा." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी नजर चुकवली. "शिनोलीच्या वर, आमच्या गावाला जायचंय. आक्काकडं. तुम्ही चला सोबत. एकट्याला माझ्यानं होणार नाही."

घोडेगाव मागं पडल्यावर ते गाडीत बोलू लागले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, आक्कानंच त्यांना वाढवलं. भाताची आवणी, नाचणीची पोती, झऱ्यावरचं पाणी, सगळं तिच्या डोक्यावर. बाळंतीण झाली तरी पाचव्या दिवशी हंडा डोक्यावर होताच. डॉक्टरांच्या मुलाच्या बारशाला आत्या म्हणून ती मंचरला आली. बाळाच्या कानात नाव सांगून तिनं 'कुर्रर्र' केलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत हसत हसत दणादण धपाटे घातले.

"तिचं तोंड एकदम पांढरं पडलं," डॉक्टर म्हणाले. "म्हशीची धार काढायचीय, असं सांगून मागच्या दारानं निघून गेली. जेवली पण नाही. मला वाटलं, मानपानावरून रुसली. मी पण अडून बसलो. पुढं वाचनात हा आजार आला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेव्हा मी शेळ्यांच्या लशीवर होतो. ते सोडलं आणि हे धरलं. पण तिला विचारणार कसं हो? आईसारखी ती."

त्या बारशानंतर आक्का कुणाच्याच कार्याला गेली नव्हती. डॉक्टरांना मुलगी नाही. येणाऱ्या बाळाला नाव ठेवायला आक्काशिवाय कुणी नव्हतं.

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. चहा झाला. डॉक्टरांनी पावसाची चौकशी केली. मग म्हशीची केली. मग पुन्हा पावसाची. मंचरात भर दुकानात लघवी, स्नायू आणि मूत्राशय यांवर व्याख्यान देणारा हा माणूस सुपातल्या खड्यांकडं बघत घाम पुसत होता. मला त्यांची दयाही आली आणि हसूही.

"आक्का," शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडं एक उंदरीण व्हती."

"बरं."

"ती व्याली. पिल्लं लई गुणी निघाली. पन मग शिंक आली, हसू आलं, की तिला... मंजी थांबायचं न्हाई."

आक्काचा हात सुपात थांबला. मी लगेच समोरच्या डोंगराची पाहणी सुरू केली.

"कुनाला सांगितलं का तिनं?" आक्कानं विचारलं.

"न्हाई. ती कशी सांगनार?"

"ते बी खरं. मुकं जनावर." तिनं एक खडा अंगणात भिरकावला. "मग? बरी झाली का?"

"झाली. व्यायामानं." आणि ते खाली मान घालून सांगत गेले. काय आवळायचं, किती वेळ धरायचं, रोज किती वेळा करायचं. "चार-सहा म्हैन्यांत फरक पडतो. तवर हे वापरायचं." त्यांनी ते कागदातलं पुडकं सुपाजवळ सरकवलं.

"ह्ये काय?"

"उंदरिणीचं सामान."

आक्कानं ते पदराखाली घेतलं. "सोपाना, ती उंदरीण बारशाला जाती का रं आता?"

"जाती की," डॉक्टर म्हणाले.

परतताना मी न राहवून विचारलं, "डॉक्टर, उंदीर व्यायाम करतो?"

"नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "नोकरीत एकदाही खोटा निष्कर्ष दिला नव्हता."

नात झाली. बारशाच्या दिवशी आक्का नवं लुगडं नेसून आली आणि थेट पाळण्याजवळ बसली. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी बसली होती, पण डॉक्टर त्यांच्यात नव्हते. मला वाटलं, गेले असतील पेढे आणायला. आतून 'कुर्रर्र' ऐकू आलं. मग बायकांचा हात जरा हळू पडला असावा, वय बघून. कारण लगेच आक्काचा खणखणीत आवाज आला, "आगं, काय गोंजारताय! जरा दनकून मारा की!" धपाटे पडले. आक्का हसत सुटली, ठसका लागेपर्यंत हसली, आणि तिथंच बसून राहिली.

हात धुवायला मी मागं गेलो, तर डॉक्टर मागच्या दाराशी उभे. दार त्यांनी सताड उघडं धरून ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर आक्काच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि पलीकडे गल्लीत गाडी दाराला लावून तयार. आतलं हसू थांबायला तयार नव्हतं. डॉक्टर डोळे मिटून ते ऐकत होते.

"पोटातून येतंय, शेठ," ते म्हणाले. डोळे पुसले, चपला उचलून आत घेतल्या आणि दार लावून घेतलं.