साळिंदराने जिने चढू नयेत

आनेकल रस्त्यावरच्या हरितारण्य रेसिडेन्सी या सोळा मजली संकुलातली सेवा-लिफ्ट महाशिवरात्रीपासून बंद होती. बंद म्हणजे नादुरुस्त नव्हे, असा लेखी खुलासा असोसिएशनचे सेक्रेटरी विद्याधरराव यांनी केला होता. लिफ्ट 'प्रक्रियेत' होती. तिचा एक सुटा भाग यशवंतपूरच्या गोदामात येऊन पडला होता, आणि तो आणायला कुणी जायचं हे ठरवण्यासाठी नेमलेल्या उपसमितीची एक बैठकसुद्धा झाली होती. यापेक्षा जास्त काय करणार माणूस!

मुख्य लिफ्ट अर्थातच चालू होती. तिच्या दाराशेजारी नियम लावले होते. नियम चौदा: घरकामवाले, सामान पोचवणारे व दुरुस्तीवाले यांनी फक्त सेवा-लिफ्ट वापरावी. नियम पंधरा: पाळीव प्राण्यांना पट्टा लावून मुख्य लिफ्टने नेण्यास हरकत नाही. दोन्ही नियम चार वर्षं एकाच चौकटीत सुखानं नांदत होते.

सकवारबाई अकराव्या मजल्यावर सेक्रेटरींच्याच घरी स्वयंपाकाला होत्या. वय अठ्ठावन्न, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांचं घराणं आनेकलला येऊन साडेतीनशे वर्षं झाली होती, तरी घरात बोलणं मराठीच, मधूनमधून कानडीची फोडणी दिलेलं. सुलभाताईंनी, म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नीनं, त्यांना ठेवलं ते याच कारणासाठी. त्या पुण्याच्या. परक्या गावात आपल्या भाषेतली पोळी मिळते, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

"बाई, तुम्ही आपल्यातल्याच, म्हणून स्पष्ट सांगते," सुलभाताई एक दिवस म्हणाल्या. "साडेसातला यांचा नाश्ता हवाच. दोनदा लेट मार्क झालाय. तिसऱ्यांदा झाला की गेटपास कॅन्सल होतो. मी नाही करत हं, ॲप करतं."

"काय करू अक्का, अकरा मजले चढायचे. गुडघे ऐकत नाहीत. त्या दुसऱ्या लिफ्टातनं स्वल्प सोडलं तर..."

"अहो, मला काय वाटत नाही का? पण रूल इज रूल. आणि यांनीच तो केलाय."

सकवारबाई "सरी, बरं," म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या. हे काम गेलं तर या वयात, या गुडघ्यांना, दुसरं कुणी दारात उभं करणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात संकुलात जंगल आलं. जंगलातले प्राणी शहराच्या कडेला राहायला येतात आणि हळूहळू तिथलेच होतात, असा एक विनोदी ॲनिमेशन चित्रपट येणार होता. त्याच्या जाहिरातीसाठी प्राण्यांचे पोशाख घातलेली माणसं पंधरा दिवस संकुलात हिंडणार होती. सकवारबाईंचा मुलगा रणजीत त्यात अस्वल होता.

पहिल्याच सकाळी पेच पडला. अस्वलाला सोळाव्या मजल्यावरच्या मुलांना भेटायचं होतं आणि सेवा-लिफ्ट तर प्रक्रियेत. अस्वल हा कामगार की प्राणी? विद्याधररावांनी तातडीची बैठक बोलावली. आयुष्यभर सरकारी कारखान्यात आराखडे तपासलेला माणूस. घाईनं निर्णय घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन तासांनी ठराव झाला: पोशाख अंगावर असेपर्यंत अस्वल हे प्राणी समजण्यात यावे, व त्यास पट्टा लावावा.

रणजीतनं घरी येऊन आईला हे सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. हसून झाल्यावर आई गुडघे चोळत बसली. मग रणजीत म्हणाला, "आई, आमच्यातलं साळिंदर आज पळून गेलं. उकाडा सोसवेना त्याला. पोशाख रिकामाच पडलाय."

दुसऱ्या दिवशी सात वाजता गेटवरच्या आप्पाजींनी एक अस्वल आणि एक साळिंदर आत सोडलं. साळिंदर जरा लंगडत होतं. "बेगा होगी अक्का, लवकर जा," आप्पाजी हळूच म्हणाले आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

लिफ्टशी सकाळचं फिरून आलेले विद्याधरराव भेटले. साळिंदराला पट्टा होता, पण तो धरणारं माणूस कुणी नव्हतं. नियमाचा असा भंग डोळ्यांदेखत होऊ देणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच पट्टा धरला. वर जाताना ते साळिंदराशी "काय गं सोनुली, भूक लागली का" असं बोलले. सहा वर्षांत ते सकवारबाईंशी पहिल्यांदाच बोलत होते. सकवारबाईंना आत हसू आलं आणि मग एकदम लाज वाटली. कुणाची, ते त्यांना नीट कळलं नाही.

अकराव्या मजल्यावर जिन्याच्या दाराआड पोशाख उतरवून त्यांनी सात वाजून बारा मिनिटांनी बेल वाजवली. "बघा," सुलभाताई म्हणाल्या, "मनावर घेतलं की जमतं."

मग रोजच जमायला लागलं. साळिंदर सगळ्यांचं लाडकं झालं. काटे स्पंजाचे होते, तरी लोक अदबीनं बाजूला सरकून त्याला जागा करून देत. एकदा सुलभाताईच लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांनी साळिंदराच्या गालाला गाल लावून फोटो काढला आणि मन मोकळं केलं. "तू कित्ती गुणाची आहेस गं. नाहीतर आमच्या बाई. गुडघे दुखतात म्हणे. सगळी नाटकं." साळिंदरानं मान डोलावली. मान डोलवायची, असं रणजीतनं शिकवून ठेवलं होतं.

ही बातमी जिन्याजिन्यानं पसरली. भाड्याच्या पोशाखांत आठवड्याभरात चार प्राण्यांचे एकोणीस झाले. नवव्या मजल्यावर केर काढणारी ससा झाली, गॅसवाला हरीण होऊन सिलिंडर नेऊ लागला. रहिवाशांना कौतुक वाटलं. प्राणी संकुलात किती रुळले, अशी चर्चा झाली. कामवाल्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा अर्ज दीड वर्ष पडून होता. प्राण्यांसाठी प्रत्येक मजल्यावर माठ आले. पाणी प्यायची भांडी स्टीलची असावीत की मातीची, यावर तेवढी वादावादी झाली.

पण प्राणी म्हटले की लसीकरण आलं. जयनगरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी रांगेनं एकोणीस सुया टोचल्या. आत कोण आहे, असा रकाना दाखल्यात नव्हता, त्यामुळे त्यांनी ते विचारलं नाही. साळिंदराचे मागचे पाय मात्र त्यांनी बराच वेळ दाबून पाहिले आणि लिहिलं: मादी, अंदाजे चार वर्षे. मागील पायांचे सांधे झिजलेले. जिने चढवू नयेत.

हा दाखला ग्रूपवर आला आणि हरितारण्य हळहळलं. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये सभा भरली. सुलभाताई बोलायला उभ्या राहिल्या. "मुका जीव आहे. दुखतंय हे सांगणार तरी कुणाला? आपण समजून घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं?" साळिंदरास कोणत्याही परिस्थितीत जिने चढावयास लावू नये, हा ठराव एकमतानं मंजूर झाला. सुलभाताईंनी जयनगरला मुद्दाम जाऊन गुडघ्यांचं तेल आणलं आणि दुसऱ्या दिवशी लॉबीत बसून साळिंदराच्या पायाला पोशाखावरूनच चोळलं. सकवारबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. ते पोशाखाच्या आत होतं, तेव्हा कुणाला दिसण्याचा प्रश्न नव्हता.

चौदाव्या दिवशी उकाडा फार होता. लिफ्टमध्ये विद्याधरराव पट्टा धरून उभे होते, शेजारी सुलभाताई. आठव्या मजल्याशी सकवारबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जीव घुसमटला. त्यांनी दोन्ही हातांनी साळिंदराचं डोकं वर ओढलं आणि काढलं.

"बाई, तुम्ही?" सुलभाताई भिंतीला चिकटल्या.

"मीच अक्का. स्वल्प वारा पाहिजे."

विद्याधररावांनी लिफ्ट थांबवली. त्यांना घाम फुटला होता. मुख्य लिफ्टमध्ये माणूस सापडला होता आणि पट्टा सेक्रेटरीच्या हातात होता. त्यांनी फोनमध्ये ठराव काढला, दोनदा वाचला.

"हिला खाली उतरवून जिन्यानं पाठवा," सुलभाताई म्हणाल्या. "केवढी फसवणूक ही!"

"तसं करता येणार नाही," विद्याधरराव सावकाश म्हणाले. "जिने चढवायचे नाहीत असा एकमतानं ठराव आहे. तू मांडलेला. पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत तो रद्द होत नाही." त्यांनी सकवारबाईंकडे नीट पाहिलं. "अडचण फक्त चेहऱ्याची आहे. मानेखाली तुम्ही पूर्णपणे नियमात आहात."

सकवारबाईंना राग आला. साडेतीनशे वर्षं इथल्या मातीत राहिलेल्या बाईला हा माणूस मानेपासून वरची आणि खालची करून मोजत होता. हातातलं डोकं त्याच्या पायाशी आपटावं आणि चालू पडावं, असं त्यांच्या मनात आलं. मग गुडघ्यातून कळ आली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मग हे डोकं काढायचं तरी कधी, साहेब?"

"घरात आल्यावर काढा की," सुलभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "घरात काय, तुम्ही आपल्यातल्याच आहात."

त्यांनी सकवारबाईंच्या हातातून साळिंदराचं डोकं घेतलं, काट्यांवरची धूळ झटकली आणि त्यांच्या डोक्यावर हलकेच बसवलं. कान सारखे केले. "आता कशी छान दिसतेस."

लिफ्ट पुन्हा सुरू झाली आणि अकराव्या मजल्यावर दार उघडलं. समोर शेजारची वसुमती मुलाला घेऊन शाळेच्या बससाठी उभी होती. तिनं पटकन फोटो घेतला: मध्ये साळिंदर, दोन्ही बाजूंना सेक्रेटरी आणि सुलभाताई, तिघंही हसताहेत असा. साळिंदराचं हसू तसं शिवलेलंच होतं.

तो फोटो फिरत फिरत तुमच्याही ग्रूपवर आला होता. तुम्ही त्याखाली लाल बदाम टाकलात आणि चहा घ्यायला उठलात.