घर हालायलंय

लेकीच्या, सोनमच्या स्थळात बिरुदेवला एकच गोष्ट खटकत होती. त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

मुलाचं नाव सिद्धू. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. सात रस्ता चौकाजवळ स्वतःचं घर. व्यसन नाही. फक्त फोटोत तोंड मिटून हसत होता. बिरुदेव तिथंच अडकला. त्याचा जन्म शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात गेलेला. दात बघितल्याशिवाय तो बोकड घेत नाही, आणि हा पोरगा दातच दाखवेना.

रविवारी मुलाकडे जायचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी सिद्धूने जोतिरामच्या मोबाईलवर घराचं लोकेशन पाठवलं. जोतिराम हा बिरुदेवचा मेव्हणा. मोबाईलमधलं सगळं त्याला कळतं, असं त्याचं स्वतःचं मत. लोकेशन आलं म्हटल्यावर बिरुदेवने चपला घातल्या.

“रविवारी झाडून-पुसून दाखवत्यात,” तो म्हणाला. “चौकशी आजच करायची. गुपचूप. टपरीवर, सलूनमदी. घरचे काय सांगनार, आमचं पोरगं वंगाळ हाय म्हणून?”

अंबुबाईने भाकरी थापता थापताच नवऱ्याला ऐकवलं. सोनमला मुलगा आवडलाय. आधीची तीन स्थळं तुमच्या चौकशीनेच पळाली. हे चौथंही पळालं तर मी माहेरी जाईन, आणि जाताना पोरीला घेऊनच जाईन. बिरुदेवने मान हलवली आणि कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला टॉवेल गुंडाळला.

मैंदर्गीहून मोटारसायकल निघाली. पुढे बिरुदेव, मागे मोबाईल घेऊन जोतिराम, आणि मोबाईलमध्ये रस्ता सांगणारी बाई. अक्कलकोट मागे पडेपर्यंत बिरुदेव तिचं गुपचूप ऐकत होता. मग त्याने विचारलं, हिला रस्ता कोण सांगतं? जोतिराम म्हणाला, सॅटेलाईट. “आणि सॅटेलाईट कुणाच्या बाजूचं हाय?” जोतिरामने मोबाईलचा आवाज वाढवला.

सोलापुरात शिरल्यावर बाईने डावीकडे वळायला सांगितलं. बिरुदेव मुद्दाम उजवीकडे वळला. बाई चिडली नाही. तिने शांतपणे दुसरा रस्ता काढून दिला.

“बघ. चुकलो तरी एक शब्द बोलली न्हाई. एवढं गोड बोलनारं मानूस कायतरी लपवत असतंय.”

तरी बाईने सात रस्त्याला बरोबर आणून सोडलं. गाडी थांबल्यावर जोतिराम मोबाईलकडे बघत बसला. बराच वेळ बघत बसला.

“दाजी, घर हालायलंय.”

नकाशावर सिद्धूचा गोल फोटो होता आणि तो फोटो हळूहळू पुढच्या चौकाकडे निघाला होता. झालं होतं एवढंच, की घराचं लोकेशन पाठवताना सिद्धूने चुकून लाईव्ह दाबलं होतं. म्हणजे आता दिवसभर तो जिथं जाईल तिथं त्याचा फोटो जाणार. हे सिद्धूला ठाऊक नव्हतं. जोतिरामलाही नव्हतं. बिरुदेवने मात्र स्वतःच्या पद्धतीने उलगडा केला.

“घर हालत नसतंय, जोत्या. त्याला घरच न्हाई. मोबाईल खिशात घालून फिरायलंय आन आपल्याला घर म्हणून दाखवायलंय. गाडी घाल मागं.”

गाडी त्याच्याच हातात होती. त्याने स्वतःच घातली.

फोटो एका दाताच्या दवाखान्यापाशी थांबला.  ते पोहोचेपर्यंत फोटो निघून गेला होता, पण बिरुदेवने आत जाऊन काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारलं, सिद्धू म्हणून कुणी आलं होतं का? सोलापुरात सिद्धू म्हणून हाक मारली तर तिघं वळून बघतात. ती मुलगी म्हणाली, कुठला सिद्धू माहीत नाही, पण आत्ताच एकजण कवळीचं माप देऊन गेला.

बाहेर येऊन बिरुदेवने फोटोतलं मिटलेलं तोंड आठवलं. सव्वीस वर्षांचा पोरगा आणि कवळी.

पुढे फोटो अक्कलकोट रस्त्यावरच्या एका परमिट रूमपाशी थांबला. शेजारी पंक्चरचं दुकान होतं, पण संशय घेणाऱ्या माणसाला पंक्चरचं दुकान दिसत नाही. दोघं आत शिरले. आत सिद्धू नव्हता. नुसतं बसून चौकशी केली तर वेटरला शंका येईल, म्हणून एक बिअर मागवली. सिद्धू येतो का, विचारल्यावर वेटर म्हणाला, रोज येतो, कालची त्याची बाटली अजून फोडायची राहिलीय, साहेब. कुठला सिद्धू, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. बिअर फुकट जाऊ नये म्हणून अर्धी जोतिराम प्यायला, अर्धी बिरुदेव. दुःखात.

बाहेर येऊन बघतात तर फोटो अक्कलकोटच्या पुढे गेलेला.

“दाजी, मैंदर्गीकडं चाललंय की.”

“आपल्या गावात याचं काय काम?” बिरुदेवने गाडीला किक मारली. “म्हंजे तितं कोनतरी हाय त्याची. आपल्याच गावात, जोत्या.”

वाटेत त्याने गावातली प्रत्येक लग्नाची पोरगी आठवून बघितली आणि प्रत्येकीच्या बापाचा राग केला.

फोटो पंचाक्षरीच्या किराणा दुकानापाशी येऊन थांबला होता. बिरुदेवच्या घरापासून चार दारं अलीकडे. बाकड्यावर सिद्धू चहा पीत होता. कशाला तरी हसला आणि बिरुदेवला सगळे दात दिसले. पांढरे, अस्सल, एकही पडलेला नाही. शेजारी एक म्हातारा बशीत खारी बुडवत होता. त्याच्या तोंडात दाताचा पत्ता नव्हता.

बिरुदेव वळणार तेवढ्यात म्हाताऱ्याने त्यालाच जवळ बोलावलं.

“पावणं, हितलंच का? मी भिमा, ह्या पोराचा मामा. बिरुदेवच्या पोरीसाटनं आलोय. रविवारी ते आमच्याकडं येनार हायत, म्हणलं त्याआदी गुपचूप चौकशी करावी. मानूस कसा हाय?”

टॉवेलच्या आत बिरुदेवला घाम फुटला. स्वतःबद्दल खरं सांगावं तर पोरीचं लग्न मोडतं.

“देवमानूस,” तो म्हणाला. “साधा. कुनावर संशय म्हणून घेत न्हाई.”

“आन प्यायचं?”

“थेंबाला शिवत न्हाई.”

भिमामामाने बशी खाली ठेवली. नाक जरा पुढे आणलं, वास घेतला, मागे घेतलं. तेवढ्यात दुकानातून पंचाक्षरीचा आवाज आला.

“बिरुदेवा, तोंडाला काय गुंडाळलंयस? पावणे कवापासनं तुजीच चौकशी करायलेत की.”

 जोतिराम मोटारसायकलच्या आड जाऊन पेट्रोलची नळी तपासू लागला. सिद्धू चहाच्या कपात बघत राहिला. बिरुदेवने हळूहळू टॉवेल सोडला.

“पोरगी आमाला पसंत हाय,” भिमामामा सावकाश म्हणाला. “सासऱ्याची तेवढी चौकशी करावी लागंल. कुनाकडं करू?”

बिरुदेवने गल्लीत वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. चार दारं पुढे अंबुबाई उंबऱ्यात येऊन उभी होती.

“कुनाकडंबी करा,” तो म्हणाला. “फकस्त तिनं माज्या तोंडाचा वास घ्यायच्या आत करा.”