सहाशे बारा तळटीपा आणि दोन सह्या

सँडविकांच्या घरात एक नियम होता आणि त्यावर शंका काढायची नाही, असा दुसरा नियम होता. सहकारी प्राध्यापकाचं जाहीर पत्र सहीसाठी आलं की आधी सही, वाचन सवडीने. ब्रिटाने दहाव्या वर्षी एकदाच विचारलं होतं, "न वाचता?" त्यावर तिचे बाबा, कायद्याचे प्राध्यापक एव्हरेट सँडविक, विद्वानांमधल्या परस्पर विश्वासावर चाळीस मिनिटं बोलले. (तिने पुन्हा विचारलं नाही. भीतीने नव्हे, कंटाळून.)

आता ती स्वतः कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. भाडेकरूंच्या हक्कांवर अख्ख्या मिनेसोटा राज्यात बाबांच्या तोडीचा माणूस नाही, असं बाबा सांगत. त्यांच्या ताज्या लेखाला सहाशे बारा तळटीपा होत्या. त्या तपासणारे विद्यार्थी सोडले, तर लेख कोणी वाचल्याचा पुरावा एकाही तळटीपेत नव्हता.

रविवारी दुपारी बाबांनी ओव्हनमध्ये मांस-बटाट्याची हॉटडिश भाजायला ठेवली आणि ती होईपर्यंत टपाल उरकावं म्हणून लॅपटॉप उघडला. सहीसाठी आलेली दोन पत्रं होती. दोन्हींवर सही ठोकली. तासाभरात त्यांच्या कॉलेजचे डीन लोवेल ब्रँडवोल्ड बर्फाने माखलेल्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात!

"एव्हरेट, घात झाला! भाडेकरूला सुनावणीशिवाय तीन दिवसांत बाहेर काढायचा तो येऊ घातलेला कायदा. त्याच्या विरोधातल्या माझ्या पत्रावर तुझी सही आहे."

"असणारच!"

"बाजूने लिहिलेल्या, घरमालकांच्या पत्रावरही आहे."

बाबांनी चष्मा पुसला. "तुझी तर त्यावर नाही ना?"

"आहे ना! तुझं नाव दिसलं म्हणून केली."

"अरे, मी तुझं नाव बघून केली!"

दोघं क्षणभर एकमेकांकडे आदराने बघत राहिले.

"वार्ताहर फोन करतोय," डीन म्हणाले. "उद्या विधिमंडळात याच कायद्यावर तुझी साक्ष आहे. एकच मार्ग. ब्रिटा तुझं टपाल बघते, माझ्या ऑफिसातही मदत करते; तिने चुकून दोघांच्याही नावाने बटण दाबलं, असं सांगू. विद्यार्थ्यांना लोक माफ करतात."

"उद्यापासून मी भाडेकरूंच्या मोफत वकिली केंद्रात कामाला लागतेय, लोवेलकाका," ब्रिटा म्हणाली. "घरमालकांच्या पत्राशी माझं नाव जोडलं, तर मला दारातूनच परत पाठवतील."

"तू तरुण आहेस, बाळा. तुझं नाव अजून व्हायचंय," बाबा समजुतीने म्हणाले. "आमची झालेली आहेत. शिवाय माझा तो लेख..."

"तिसऱ्या दिवशी रस्त्यावर येणाऱ्या बाईने काय करायचं, बाबा? तळटीपा पांघरायच्या?"

"आवाज चढवू नकोस. मोठे सांगतायत!"

"ठीक. घेते अंगावर. फक्त एवढं सांगा, काकांच्या पत्रात लिहिलंय काय?"

बाबांनी डीनकडे पाहिलं. डीननी आपल्या बुटांखाली साचलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"ढोबळमानाने..." डीन पुटपुटले.

"मी सांगते. ते मीच लिहिलंय, लोवेलकाका, गेल्या महिन्यात तुमच्या ऑफिसात बसून. तुमची एकच दुरुस्ती आली होती, तुमचं नाव सगळ्यांच्या वर घ्यायची."

ओव्हनमधून जळका वास येऊ लागला. कोणी हललं नाही. ब्रिटाने कागदी रुमाल ओढला, दोन ओळी खरडल्या आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"माझं नाव यात येणार नाही. लिहून दिलंय. या खेपेला वाचा."

रुमालाकडे न बघताच बाबांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता.