चाळीसपैकी चाळीस

‘मरणाची भीती वाटते का?’ हा प्रश्न हृदयाची झडप बिघडलेल्या माणसाला विचारायचा तरी कसा? सुनेला तो नुसता वाचूनच घाम फुटला.

सासऱ्यांची झडप शस्त्रक्रियेनं बदलायची होती. अशा रुग्णांची धास्ती शांत करणाऱ्या एका गोळीवर दवाखान्यात संशोधन चाललं होतं. काहींना खरी गोळी, काहींना औषधच नसलेली पोकळ. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा. “तुझं अक्षर चांगलं, तूच भर,” म्हणत सासऱ्यांनी तो सुनेला दिला आणि तोंडावर पेपर घेऊन ते घोरू लागले.

असलं काही विचारून त्यांच्या काळजाचं पाणी कशाला करा? त्यांच्या जागी कुठल्याही शहाण्या माणसाला जे वाटेल, ते तिनं मांडीवरच्या बाळाला थोपटत लिहून टाकलं. छातीत धडधड? सतत. वाईट विचार? उठता-बसता. बेरीज झाली चाळीसपैकी तेहेतीस.

डॉक्टर चक्रावले. “नाडी घड्याळासारखी आणि भीती एवढी? आकडा उतरला नाही, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागेल.”

त्या रात्री सुनेचा डोळा लागला नाही. आकडा कमी लिहावा, तर संशोधनात लबाडी कशी करायची! पुढचा फॉर्म तिनं त्या जागरणासकट भरला: अडतीस.

“ह्यांना खरीच गोळी मिळतेय,” सासूबाई म्हणाल्या. “बघ कसे झोपलेत.”

“पण आई, ते आधीही असेच झोपायचे.”

“तेही खरंच. म्हणजे पोकळ?”

तिसऱ्या आठवड्यात चाळीसपैकी चाळीस. डॉक्टरांनी सगळ्यांनाच बोलावून घेतलं.

“आजोबा, मरणाची भीती वाटते?”

“छे! ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवणार म्हणे, तेवढी एक वाटते.”

डॉक्टरांनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. “मग ‘इतर तक्रारी’मध्ये ‘बाळाला पाजताना रडू येतं’ हे कुणी लिहिलंय?”

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे.

“अहो, मग गोळी खरी होती की पोकळ?” सासूबाईंनी विचारलं.

“आता ते देवालाच ठाऊक,” डॉक्टर म्हणाले. “शस्त्रक्रिया मात्र ठरल्या दिवशीच करू.”

सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला, तोच डॉक्टरांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. “आणि हा तुमच्यासाठी. तुमच्याशी जरा निवांत बोलायला हवं.”

सासऱ्यांनी खिशातून पेन काढलं.

“आणा इकडे, मी भरतो. तिला नका असलं काही विचारू. घाबरेल पोर.”