दहा मोजणारा हिराजी

आमचा शेजारी हिराजी. त्याला तुम्ही "जेवलास का?" विचारा. आधी आभाळाकडं बघेल, एकेक बोट मिटेल, मग सांगेल, "जेवलो." तेवढ्यात तुमचं कालवण थंड.

पूर्वी हा बंदरावर ट्रेलर चालवायचा. ट्रेलर उलटला, डोकं फुटलं, पण वाचला. आता मेंदूला मार लागलेल्यांच्या सेंटरात दर सोमवारी नव्या पोरापोरींना शिकवतो, पेशंटला कसं सांभाळायचं ते. मी चौथी शिकलो, हा तिसरी नापास. तरी नर्सा त्याला सर म्हणतात. आणि हे सर त्यांचा उजवा हात गमछ्यानं बांधून डाव्यानं मांदेली खायला लावतात. "काटा लागला? मंग पेशंटला घाई करू नको."

एकदा एका पोरीनं विचारलं, "काका, चहा की पाणी?" आणि लगेच पाणी हातात दिलं. हिराजीनं ते कुंडीत ओतलं. "मी आठवर होतो! चहा बोलणार होतो. विचारलंस तर दहा मोज गो बाय. आमचं उत्तर लोड गाडी हाय, घाट चढून येतं."

माझी बायको यशोदा रिक्षातून डोक्यावर पडली, तीही त्याच सेंटरात होती. हिराजी तिला विचारायचा, "वैनी, काय बोलतेस?" आणि बोटं मिटायला लागायचा. मी चारवरच सांगायचो, "बरी हाय ती."

शिमग्याच्या आधी ती गेली. सेंटरवाले म्हणाले, घरच्यांनीपण शिकवायला या. मी गेलो न्हाय. कुणाशी बोललोपण न्हाय.

हिराजी मात्र रोज ओट्यावर हजर. "दादूस, वैनी काय बोलते?"

"मेलेली माणसं बोलतात काय रे, येड्या!"

दुसऱ्या दिवशी परत तेच. डोक्याला मार, विसरतो बिचारा, म्हणून मी सोडून द्यायचो. विसरू नये म्हणून तो सगळं वहीत लिहितो. एकदा ती वहीच माझ्या ओट्यावर विसरला. मी अक्षर लावत लावत वाचलं: "वैनी गेली. तरी विचारायचं. दादूस दुसऱ्या कुणाशी बोलत न्हाय. दहा मोज."

सकाळी आला. मी वही दिली.

"दादूस, वैनी काय बोलते?"

तोंडावर आलेली शिवी गिळली. तो बोटं मिटत बसला.

आठवर माझं तोंड उघडलं. "मी तिला बोलूच दिलं न्हाय, हिराजी. डाक्टर तिला विचारायचे, तू विचारायचास, उत्तर मीच द्यायचो. काय बोलणार होती कोण जाणे."

त्यानं उरलेली दोन बोटंपण मिटली. मग म्हणाला, "सोमवारी हेच सांग पोरींना. गमछा मी आणतो."