पापुद्र्यांचा पंधरवडा

ढोलकाकांच्या कोटाचं मधलं बटण तुटलं आणि थेट भोंग्याच्या वाद्यात जाऊन पडलं.

भोंगा हे बँडमधल्या ट्यूबावाल्याचं टोपणनाव. एका नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. दुकानदाराने फीत कापायला कात्री उचलली, ढोलकाकांनी पहिला ठोका द्यायला दांडकं उगारलं आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या पोटाने कोटाचं ऐकायचं सोडून दिलं. बटण पितळी होतं. ट्यूबाच्या कर्ण्यातून ते आत उतरलं आणि वादन संपेपर्यंत खालच्या सुराबरोबर खुळखुळत राहिलं. दुकानदाराला वाटलं, बँडने काहीतरी नवीन आणलंय. त्याने मास्तरांचं तोंडभरून कौतुक केलं. मास्तरांनी ते मान खाली घालून ऐकलं.

या बँडमध्ये कोट माणसाचा नसे, वाद्याचा असे. तालमीच्या खोलीतल्या कपाटात निळे कोट ओळीने टांगलेले असत आणि प्रत्येकाच्या कॉलरमागे वाद्याचं नाव शिवलेलं असे. बँडमास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज होता. माणसं येतील, जातील, कोट राहील. ज्याला कोट बसेल त्याने ते वाद्य वाजवावं. नवा माणूस घेताना मास्तर आधी त्याच्या अंगावर कोट चढवून बघत आणि मग, वेळ उरला तर, त्याचं वादन ऐकत. त्यामुळे बँड दिसायला फार देखणा होता.

त्या संध्याकाळी मास्तरांनी काकांना बाजूला घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं काकांना वाटलं.

"शाळेचा क्रीडादिन जवळ आलाय, काका. तोवर कोटाची बटणं लागली पाहिजेत. नाहीतर ढोल माझ्या पुतण्याला द्यावा लागेल. त्याच्या अंगावर हा कोट हँगरला लावल्यासारखा बसतो."

"त्याला वाजवता येतं?"

"येईल हळूहळू."

काका घरी आले. घर म्हणजे एका दुमजली इमारतीतली वरची खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या गावी, तिचा फोन रविवारी येई. त्यात गोळ्या घेतल्या का आणि दार नीट लावता का, हे दोन प्रश्न असत, आणि दोन्हींची उत्तरं 'हो' असल्यामुळे बोलणं लवकर आटपे. घरमालक त्यांना 'वरचे' म्हणत. पोस्टमन काहीच म्हणत नसे, कारण त्याच्याकडे त्यांचं काही येत नसे. रोज संध्याकाळी तालमीच्या खोलीत मात्र पाऊल टाकलं की कोणीतरी म्हणे, "या काका, बसा." एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस उभा होता. ढोल गेला तर ते शब्दही गेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि बारीक होण्यासाठी काही मिळतं का, अशी दबक्या आवाजात चौकशी केली. दुकानदाराने कॉर्नफ्लेक्सचं खोकं पुढे ठेवलं. दोन वेळा हे दुधातून खायचं, एक वेळ साधं जेवायचं, पंधरवड्यात कंबर उतरते, असं त्याने सांगितलं.

"कोणाची उतरली?" काकांनी विचारलं.

दुकानदाराने खोक्यावरच्या माणसाकडे बोट दाखवलं.

खोक्यावर एक सडपातळ माणूस बनियन घालून हसत होता. काकांनी खोकं घरी आणून टेबलावर आपल्या समोर उभं केलं. समोर कोणी असलं की घास बरा उतरतो. खोक्याच्या पाठीवर पुष्कळ मजकूर होता. काका अक्षरांखाली बोट धरून वाचणारे. त्यांची वाटी संपे तेव्हा ते जीवनसत्त्वांपर्यंत पोचलेले असत. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, सोबत समतोल आहार व व्यायाम आवश्यक, असं लिहिलं होतं. तिथवर ते कधी पोचलेच नाहीत. 'एक वाटी घ्या' हे मात्र पहिल्याच दिवशी वाचलं होतं. काकांकडे वाटी एकच होती, कणीक मळायची.

कॉर्नफ्लेक्सना ते पापुद्रे म्हणत. पापुद्रे चावताना कानात असा आवाज होई, की वाळक्या पानांवरून कोणीतरी जिन्याकडे चालत येतंय. पहिल्या आठवड्यात काका अशा आवाजाने दोनदा घास तोंडात ठेवून दार उघडायला उठले. बाहेर कोणी नव्हतं. चावणं थांबलं की आवाजही थांबे. मग ते परत येऊन खोक्यासमोर बसत.

अर्ध्या पंधरवड्यात त्यांनी तालमीच्या वेळी कोट घालून पाहिला. पुन्हा शिवलेलं बटण आणि काज यांच्यात बोटभर अंतर होतं, म्हणजे आधी होतं तेवढंच. भोंगा म्हणाला, काका, श्वास सोडा. काकांनी सोडला. अंतर वाढलं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि चारेक दिवसांनी चमत्कार झाला. काकांनी नाखुशीनेच कोट चढवला, तर बटणं एकापाठोपाठ एक लागत गेली. सगळी. शिवाय आत हात घालायला जागा उरली. क्लॅरिनेटवाल्याने काकांभोवती एक चक्कर मारली. भोंग्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"काका, कसं काय जमवलंत?"

काकांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज थोडा डॉक्टरासारखा झाला.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. काकांना वाटलं पापुद्र्यांचा आवाज. पण त्यांनी अजून खायला सुरुवात केली नव्हती. दारात भोंगा, क्लॅरिनेटवाला आणि दोघे तुतारीवाले उभे होते, प्रत्येकाच्या काखेत एकेक खोकं. घरी खाल्लं तर बायका हसतात, त्यापेक्षा तुमच्या देखरेखीखाली खाऊ, असं त्यांचं म्हणणं. काकांकडे एकच खुर्ची होती. कोणी पलंगावर बसलं, कोणी उपड्या बादलीवर. पाच जण एकदम चावू लागले तेव्हा खोलीत असा आवाज झाला की खालून घरमालकाने विचारलं, वरचे, काही मोडतोड चाललीय का?

मग हे रोजचं झालं. तालीम संपली की मंडळी काकांकडे. कोणाचा पट्टा एक भोक आत गेला, कोणाचा गेला नाही, यावर चर्चा. काका सगळ्यांचं शंकासमाधान करत. क्लॅरिनेटवाला म्हणाला, फार भूक लागते हो. काका म्हणाले, "पहिले काही दिवस ओरडते. मग ऐकणारं कोणी नाही असं कळलं, की गप्प बसते." हे त्यांना भुकेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल ठाऊक होतं, पण लागू पडलं.

क्रीडादिन दोन दिवसांवर आला तेव्हा काकांनी इस्त्री करायला म्हणून कोट घरी आणला. इस्त्री काखेखालच्या शिवणीवर आली आणि थबकली. दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंदीची पट्टी जोडलेली होती. बाकीचा कोट उन्हाने विटलेला. पट्टी गडद निळी, कोरी.

काका तसेच शिंपीणबाईंकडे गेले. बँडचे कपडे त्याच शिवत. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग सुईत दोरा ओवता ओवता सगळं सांगितलं. मास्तर आले होते. कोट दोन्ही बाजूंनी पट्टी घालून मोठा करा आणि कोणाला कळू देऊ नका, म्हणाले. पुतण्याने दोन दिवस मास्तरांकडे ढोलाचा सराव केला होता. तेवढ्यात गल्लीतली कुत्रीही दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

"पण पुतण्याचं निमित्त हो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घरी बसवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. घरी बसणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत आहे. तेही एकटेच. त्यांच्या घरात टिकटिकत ताल देणाऱ्या त्या घड्याळाशिवाय काही हलत नाही."

येताना काका औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यावर चढले. काटा होता तिथेच होता, किंचित पुढेच. औषधवाला ओळखीचा. तो म्हणाला, कमी खाल्लं की सुरुवातीला थोडं उतरतं, मग ते काहीही खा. आणि जेवायला लागलं की परत चढतं. तुम्ही कमी खाल्लंत का? काकांनी वाटीचं माप हाताने दाखवलं. औषधवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता प्रश्न असा होता, की सांगायचं कसं. सांगितलं तर मास्तरांनी वडिलांचा रिवाज मोडला हे उघड होणार. आणि संध्याकाळी बादली पुन्हा सुलटी होणार. काकांनी घरी येऊन भाताचं पातेलं चढवलं, सगळं संपवलं, आणि मंडळी यायच्या आत घासून पालथं घातलं. मग मंडळी आली आणि गुरूच्या साक्षीने पापुद्रे खाऊ लागली. गुरूला ढेकर आला. तो त्यांनी खोकल्यात घातला.

तिकडे तालमीत निराळीच अवस्था. दोन वेळा पापुद्रे खाणाऱ्या माणसाने तुतारी फुंकली की सूर उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येई. भोंगा ट्यूबा उचलण्याऐवजी तिच्या शेजारी बसून वाजवू लागला. दम कुठे गेला सगळ्यांचा, असं मास्तरांनी विचारलं. काकांचं डाएट चाललंय, असं सगळ्यांनी अभिमानाने सांगितलं. मास्तर काही बोलणार होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी ढोलाकडे पाहिलं, आणि मास्तर म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून."

क्रीडादिनाला ऊन कडक होतं. मुलं रांगांनी उभी, पाहुणे मंडपात. मास्तरांनी हात उचलला आणि बँड सुरू झाला. पहिल्या वळणाला एक तुतारी बंद पडली. दुसऱ्या वळणाला क्लॅरिनेटवाला, जरा बूट बांधतो, म्हणून खाली बसला तो बसूनच राहिला. भोंग्याने डोळे मिटले आणि ट्यूबासकट हळूच गवतावर टेकला, एखादं गलबत किनाऱ्याला लागावं तसा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कवायतीचा भाग वाटला.

राहिला एकटा ढोल. ढोलकाका पोटभर जेवून आले होते. धम, धम, धम. मुलांना पाय टाकायला तेवढं पुरेसं होतं. मुलं सरळ रेषेत मैदान पार करून गेली. मास्तर गंभीर चेहऱ्याने एका ढोलासमोर संपूर्ण बँडचे हातवारे करत राहिले. काकांनी उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ वाजवलं नव्हतं आणि इतकं एकटंही.

कवायतीनंतर मंडळींना झाडाखाली आणून पाणी पाजलं. शुद्धीवर येताच भोंगा म्हणाला, "माझ्यात निर्धार कमी पडतो, काका. तुम्ही बघा, या वयात कसे उभे."

हे काकांना सहन झालं नाही. त्यांनी कोटाची बटणं काढली, काखेखालची पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाले, "मी एक छटाकही उतरलो नाही. पट्टी लावून कोट मोठा करून घेतला. मीच."

मास्तरांनी तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते मिटलं.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. तेवढी ताकद नव्हती. भोंग्याने फक्त विचारलं, "आणि आम्ही खात होतो तेव्हा तुम्ही?"

"भात," काका म्हणाले.

शाळेने बँडसाठी जेवण ठेवलं होतं. सगळे तिकडे गेले आणि मान वर न करता जेवले. काकांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. जेवण झाल्यावर एका तुतारीवाल्याने विचारलं, मास्तर, मग ढोलाचं काय? मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कोट बसतोय का त्यांना?"

"बसतोय, पण..."

"रिवाज कोटाचा आहे. पोटाचा कुठे काय आहे," मास्तर म्हणाले आणि उठले.

ढोल राहिला. दुसऱ्या दिवशी तालमीला काका गेले, तर "या काका, बसा" असं कोणी म्हणालं नाही. तालीम झाली, आणि मंडळी आपापल्या घरी, आपापल्या गरम जेवणाकडे भराभरा गेली. काकांनी घरी येऊन भात टाकला. सवयीने जरा जास्तच टाकला गेला. मग टेबलाशी बसले आणि वाट बघत नाही अशा बेताने बसून राहिले.

दार वाजलं. दारात मास्तर होते, छत्री हातात, पाऊस नसताना.

"काल तुमचा ठेका शेवटी शेवटी पुढे पळत होता," मास्तर दारातूनच म्हणाले. "ते सांगायला आलो."

"उपाशी माणसं उन्हात पडली होती. लवकर संपवावं म्हटलं."

"तरी ठेका तो ठेका."

"आत येऊन सांगा. भात आहे."

मास्तर आत आले. खुर्चीवर बसले, काका बादलीवर. जेवताना मास्तर कोटाबद्दल बोलले नाहीत, काकाही बोलले नाहीत. टेबलावर दांडक्याऐवजी चमचा घेऊन मास्तरांनी ठेका कुठे पळाला ते वाजवून दाखवलं. काकांनी तो पुन्हा वाजवून दाखवला, आणि तो पुन्हा पळाला, असं मास्तर म्हणाले. खालून घरमालकाने छताला काठी लावली. मास्तरांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

"चूक जुनी आहे," हात धुताना ते म्हणाले. "एका दिवसात जाणारी नाही. उद्या परत यावं लागेल."

"हो," काका म्हणाले. "वेळ लागेल तिला. मला तर ऐकूही येत नाही, कुठे चुकतं ते."

ते खोटं होतं. पस्तीस वर्षांत काकांचा ठेका एकदाही पळाला नव्हता, कालही नाही. आणि हे मास्तरांइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.