खडपे साहेबांचा नोकर

विलास धुरी स्वतःच्याच दुकानात नोकर आहे.

साकीनाक्याला एका गल्लीत त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बोर्डावर ‘खडपे अँड कंपनी’. कंपनीत माणूस एकच, तो विलास. खडपे नावाचा कोणी जन्मालाच आलेला नाही. तरी कोणी घासाघीस केली, आजच्या आज काम मागितलं, की विलास कानाला हात लावतो. “माझं काय नाय हो, पण साहेब तापट. विचारून सांगतो.”

मग पडद्यामागे जातो, पाणी पितो, घाम पुसतो आणि पडेल चेहऱ्याने बाहेर येतो. “नाय म्हणाले.”

दिंडोशीला आम्ही एकाच मजल्यावर राहतो. मी ऑफिसात काम करतो, म्हणून दुकानाच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म भरायला तो माझ्याकडे आला. दुकानाचं नाव, खडपे अँड कंपनी. झकास. पुढे, मालकाचं नाव.

“लिही, खडपे साहेब.”

“आणि आधार कार्ड कोणाचं जोडू?”

विलासने डोकं खाजवलं. मी समजावलं, दुकानाला नाव वेगळं चालतं, पण मालक म्हणून तुझंच खरं नाव लागणार.

“म्हणजे कागदावर मालक मी?”

“तूच.”

“वाट लागली! साहेबांना कळलं तर?”

“अरे, पण हा खडपे हवाच कशाला?”

“मला नाय म्हणता येत नाय रे. बोर्डावर धुरी होतं तेव्हा अर्धी गल्ली फुकटात दुरुस्त्या करून न्यायची. एकाने तर सासऱ्याचं कानाचं मशीन आणलेलं.”

सर्टिफिकेट आलं. दुकानात लावायलाच लागतं, म्हणून त्याने लावलं, कॅलेंडरच्या मागे. एका बाईंनी चतुर्थी बघायला कॅलेंडर उचललं आणि मालकाचं नाव वाचलं. “काय हो, मालक तर तुम्हीच!”

“साहेबांनी नावावर करून दिलंय,” विलास म्हणाला. “विश्वास आहे ना माझ्यावर.”

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. कॉलेजातली एक मुलगी पिशवीतून जुनापुराणा मिक्सर घेऊन आली. मोटर जळलेली, पार्ट मिळत नाहीत. विलास सवयीने म्हणाला, “एवढं जुनं मॉडेल साहेब घेत नाय.”

“आईचा आहे,” ती म्हणाली. “आई गेली. बाबा म्हणतात टाकून दे, नवा आणू.”

विलास पडद्यामागे गेलाच नाही. “ठेवून जा,” म्हणाला.

पुढचे दोन रविवार तो भंगारवाल्यांकडे तशीच मोटर शोधत फिरला. सोबत मीही. शेवटी मिळाली. मुलगी आली, तिने बटण दाबलं. मिक्सर घरघरायला लागला तशी ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मिक्सर काही बंदच करेना.

ती गेल्यावर मी म्हटलं, “काय रे, साहेबांना न विचारता?”

तो फडक्याने हात पुसत होता. विलास माझ्याशी कधी मालवणी बोलत नाही. तेव्हा बोलला.

“माझी आवस गेली तेव्हा तिचो मिक्सर मी भंगारात घातलंय. बंद पडलेलो. म्हटलंय, आता चटणी कोणाक?”

फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, “तिच्या मिक्सरच्या मोटरीतलो कार्बनच झिजलेलो रे. धा मिनटांचा काम होता.”